दुसरा फेरा

सायलेन्सरचे नट आवळायला ताकद लागत नाही, दम लागतो. दम म्हणजे सबुरी. हे मी सत्तावीस वर्षं सांगत आले आणि सत्तावीस वर्षं पुरुषमंडळी माझ्यासमोर मान डोलावतात, घरी जाऊन हातभर लांब पान्यानं सगळा जोर लावतात, आणि नट ज्या दांडीवर बसतो तो स्टड तोडून परत येतात. मग मी तो काढून देते. तोंडानं काही बोलत नाही. म्हणजे, फारसं बोलत नाही.

काम साधं आहे. जुन्या पिकअपच्या इंजिनातून धूर जिथे बाहेर पडतो, तिथे ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड असतो. त्याला खालून धुराचा पाइप येऊन मिळतो. दोघांच्या मध्ये एक गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, आणि सगळं धरून ठेवायला तीन नट. तिन्ही आधी नुसत्या बोटांनी फिरवायचे, जातील तितके. मग पाना घ्यायचा. एकाला थोडं, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला थोडं, परत पहिल्याला. एकच नट आधी गच्च केला की पाइप तिरका बसतो, दुसऱ्या बाजूला फट राहते आणि त्या फटीतून धूर केबिनमध्ये जातो. सगळं नीट बसलं की इंजिन चांगलं तापवायचं आणि गाडी रात्रभर उभी ठेवायची. गॅस्केट तापून दबतं, नट किंचित सैल पडतात. म्हणून सकाळी, इंजिन गारढोण असताना, तिन्ही नट पुन्हा आवळायचे. आमच्या दुकानात याला दुसरा फेरा म्हणतात. माझ्या वडिलांनी ही पद्धत लावली आणि मी ती चालवली. दुसऱ्या फेऱ्याशिवाय मी एकही गाडी सोडत नाही.

एकच सोडली. ती माझ्या नवऱ्याची.

त्याला आता एकोणीस दिवस झाले. नवरा दुकानांना अंडी पोचवायचा. पहाटे पाचला ट्रे भरून निघायचा, नऊला परत. त्या दिवशी साडेपाचच्या सुमारास, सरळ रस्त्यावर, समोर गाडी नाही, वळण नाही, ब्रेकची खूण नाही, पिकअप रस्ता सोडून झाडावर गेली. डोक्याला मार होता. तेवढ्यावर कागद पूर्ण झाले. चालकास डुलकी लागली असावी, असं त्यावर लिहिलंय. का लागली, हे कागद कशाला विचारतील?

ते सासूनं विचारलं. त्याच दिवशी, संध्याकाळी. आम्ही दुकानाच्या वरच राहतो, दोन खोल्यांत. दोन्ही खोल्या माणसांनी भरल्या होत्या, शेजारीपाजारी, त्याचे अंडीवाले दोस्त, माझी गिऱ्हाइकं. सासू कॉटवर बसली होती. तिनं सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "दुसरा फेरा केला होतास?"

मी म्हणाले, "नाही."

आमच्या गल्लीत गाड्यांबद्दल सगळ्यांनाच कळतं. सायलेन्सरच्या जोडातून गळणाऱ्या धुराला म्हणावा तसा वास नसतो, माणसाला आधी डोकं जड वाटतं आणि मग झोप येते, थंडीत काचा वर केलेल्या असतात, हे काही कुणाला शिकवायला नको. आणि त्या गाडीचा जोड आदल्या दिवशी दुपारी मीच बसवला होता. एकेकानं मनातल्या मनात हिशोब जुळवला आणि चपला शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. म्हणजे शटर मी उघडत होते, गिऱ्हाईक येत नव्हतं. शाळेच्या मुलांना ने-आण करणारा व्हॅनवाला आला, पण आपली अर्धी खोललेली व्हॅन ओढून न्यायला. "ताई, तुम्हाला आता आरामाची गरज आहे," असं म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बायका यायच्या, माझा हात धरायच्या, आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही हे बघून जिना उतरताना एकमेकींशी कुजबुजायच्या. मी जेवत होते. झोपत होते. त्याचे शर्ट धुऊन वाळत घातले आणि घडी करून ठेवले. एक बटण तुटलं होतं तेसुद्धा लावलं, आणि लावून झाल्यावर लक्षात आलं की हे कुणासाठी लावलं. तरी काही नाही. दात काढायच्या आधी देतात ते इंजेक्शन कुणीतरी मला सगळ्या अंगाला देऊन ठेवलं होतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. माझ्या नटांनी मारला का त्याला? बाकी सगळ्या जगाशी मला देणंघेणं नव्हतं.

आता मी दुसरा फेरा का केला नाही, ते सांगते. ऐकून कुणी हसेल. हसू दे.

आमचं लग्न जमलं तेच मुळी दुकानात. वडिलांकडे तो स्कूटर दुरुस्त करायला यायचा, आणि स्कूटर चांगली असली तरी यायचा. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, ते सासूला शेवटपर्यंत पटलं नाही. माणूस चांगला. हात मात्र राक्षसाचा. त्याच्या हातात पाना दिला की काहीतरी तुटलंच म्हणून समजा. पाण्याच्या नळाची चावी त्यानं तीनदा उपटली. लग्नानंतर वर्षभरातच मी त्याला सांगून टाकलं होतं, माझ्या हत्यारांना हात लावलास तर याद राख. तो हसायचा आणि लांबून बघत बसायचा. मला वाटायचं, याला काय कळतंय डोंबल.

आणि त्याची जीभ. चारचौघांत माझी थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. मी सहन करायची, उलट द्यायची, चालायचं. पण त्या दुपारी एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं, चांगली मोठी गाडी घेऊन. मी त्याला समजावत होते, की साहेब, काम आज होईल, पण गाडी उद्या सकाळी मिळेल, गार झाल्यावर पुन्हा आवळावं लागतं. आणि हा आपल्या पिकअपच्या पायरीवर बसून म्हणतो कसा, "काय आहे साहेब, आमच्या हिचं काम एका फेऱ्यात होतच नाही. मला तर सत्तावीस वर्षं आवळतेय, अजून सैलच आहे."

गिऱ्हाईक खदाखदा हसलं. हसत हसत म्हणालं, मग दुसरीकडे बघतो बुवा, जिथे एकदाच आवळतात. आणि गेलं.

मी त्या वेळी याच्याच गाडीखाली निम्मी होते. तिन्ही नट बसवून झाले होते, इंजिन तापवून झालं होतं. माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. थट्टेचं काही नाही, पण दुसरा फेरा ही माझ्या वडिलांची गोष्ट. त्याच्यावर हसू आणायचं? परक्यासमोर? मी बाहेर आले, हात पुसले आणि त्याला सांगितलं, "तुझ्या गाडीला एकच फेरा. सकाळी मी हात लावणार नाही. जा तसाच."

त्यानं आधी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी माफी मागितली. मी तोंडाला कुलूप लावलं. रात्री पुन्हा जुंपली, म्हणजे बोलत मीच होते, तो ऐकत होता, आणि पलीकडच्या खोलीत सासूही ऐकत होती, भिंत कुठे जाड आहे? बारा वाजले. शेवटी तो उशी उचलून बाहेरच्या खोलीत आईच्या कॉटजवळ जमिनीवर झोपायला गेला. आमचं भांडण झालं की तो तिथेच झोपायचा. पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून बघितलं नाही.

एवढंच. लोकांची भांडणं शेतावरून होतात, बायांवरून होतात. आमचं हे असं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी धाकटे दीर आले. पोलिसांनी सोडलेली पिकअप त्यांनीच आदल्या आठवड्यात ओढून आणून दुकानामागच्या आवारात उभी केली होती. वर ताडपत्री घातली होती. ते म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याशी बोललोय. चारला येतोय. कापून घेऊन जाईल, तुम्ही वर आईजवळ बसा."

मी विचारलं, "कापून?"

"मग काय करायचं तिचं?"

"ते ठीक आहे," मी म्हणाले. "चारच्या आत मला खाली जाऊन बघायचंय."

दीर शाळेत शिपाई आहेत. मऊ माणूस. आवाज चढवायचा म्हटलं तरी चढत नाही. ते दारात आडवे उभे राहिले. "कशाला, वहिनी? बघून काय होणार? तो परत येणार आहे का? आणि समजा..." पुढचं त्यांना बोलवेना.

"समजा गळत असेल, तर?"

"तर तुम्ही जगाल कशा?"

"भाऊजी, आत्ता मी काय करतेय असं वाटतं तुम्हाला? सरका बाजूला."

सरकले. एवढंच नाही, तर पाठोपाठ आले आणि ताडपत्री काढायला हातही लावला. आतून अंड्यांचा कुजका भपका आला. ट्रे चिकटून बसले होते, टरफलं सगळीकडे. केबिनचा चालवणाऱ्याकडचा भाग आत गेला होता. तिकडे मी बघितलं नाही, बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते जमलं. मॅनिफोल्ड दुसऱ्या बाजूला. तिकडचा पत्रासुद्धा धड होता.

जॅक लावला, दोन्हीकडे टेकूला लोखंडी घोड्या दिल्या, गाडी हलवून बघितली. दिरांनी विचारलं, मी काय करू? म्हटलं, बॅटरी धरा आणि बोलू नका. मी पाठीवर झोपून आत सरकले.

वास ओळखीचा, थंडगार लोखंड, डोक्यावर अर्ध्या हातावर पाइप. हाताला काय करायचं ते माहीत होतं, त्यामुळे बाकीच्या मला काही करायची गरज नव्हती. पहिलं काम, काजळी बघायची. जोड गळत असला की गॅस्केटच्या कडेनं बाहेर काळा फराटा उठतो. तो लपत नाही, पुसला जात नाही. एका तासाच्या गळतीनंही उठतो.

"थोडं डावीकडे," मी म्हणाले. उजेड डावीकडे आला.

फराटा नव्हता.

बोट फिरवून बघितलं. गोल, सगळीकडून. बोटाला धूळ लागली, काजळी नाही. बाहेरून दिरांचा आवाज आला, "काय आहे?" माझी नजर नटांवर गेली होती.

मी नट आवळून झाले की प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढते, नटावरून खाली पत्र्यावर, सरळ. नट फिरला की रेघ तुटते, नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. लांबून कळतं. दुसऱ्या फेऱ्यात नट साधारण किती फिरतो ते मला झोपेतही सांगता येईल. करंगळीच्या नखाएवढं.

तिन्ही नटांवरच्या रेघा तुटल्या होत्या. आवळायच्या दिशेनं. तिन्ही सारख्याच, करंगळीच्या नखाएवढ्या.

मी बराच वेळ तशीच पडून राहिले असणार, कारण दिरांनी घाबरून माझा पाय हलवला. मी म्हणाले, "बारा नंबरचा पाना द्या." त्यांनी चौदाचा दिला. मग बाराचा दिला. मी तिन्ही नट काढले, थोडं थोडं करून, आळीपाळीनं, आता त्या गाडीला काही फरक पडणार नव्हता तरी. पाइप खाली आला. गॅस्केट हातात घेऊन बाहेर सरकले आणि उजेडात धरलं. आतल्या कडेला काळं, जिथे धूर जातो तिथे. बाकी सगळं करडं, स्वच्छ, एकसारखं दबलेलं. एवढं सुरेख बसलेलं गॅस्केट मी स्वतःच्या हातानं वर्षातून चारदोनदा बसवत असेन.

"काय?" दीर म्हणाले. "वहिनी, काय ते सांगा की!"

"गळत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे धूर आत गेलाच नाही. जोड पक्का आहे. दुसरा फेरा झालेला आहे."

"पण तुम्ही तर म्हणालात, केला नाही."

"मी नाही केला."

त्यांना निम्मंच ऐकू आलं. धूर गेला नाही, एवढंच. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो उजळला. "वहिनी! अहो वहिनी! बघा, मी म्हणत नव्हतो? तुमचा काही दोष नाही! साधी डुलकी, माणसाला लागते कधी कधी! थांबा, आईला सांगतो, सगळ्यांना सांगतो, त्या व्हॅनवाल्याला तर..." असं म्हणत ते गॅस्केट माझ्या हातातून ओढून घेऊन जिन्याकडे पळालेसुद्धा. जिन्यावर दोनदा ठेचकाळले.

मी आवारातून दुकानात आले. भिंतीवर फळी आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, ज्याची जागा त्याला. मोजून जोर लावायचा टॉर्क पाना त्याच्या जागेवर होता. मी तो खाली घेतला. काम झालं की त्याची मूठ उलटी फिरवून आकडा शून्यावर आणून ठेवायचा असतो, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. माझ्याकडून हे कधी चुकत नाही. एकोणीस दिवसांत मी त्याला हात लावला नव्हता. आकडा शून्यावर नव्हता. या पिकअपच्या नटांना लागतो, तोच होता, बरोब्बर. ज्याच्या हातून नळाची चावी शाबूत राहिली नाही, त्यानं लांबून बघून बघून सगळं पाठ केलं होतं, शेवटची तेवढी एक गोष्ट सोडून.

मी स्टुलावर बसले.

आणि मग दुसरा हिशोब सुरू झाला. मला नको होता, तरी झाला. तो रोज साडेचारला उठायचा. त्या रात्री बाराला झोपला, माझ्यामुळे. आणि मी पावणेतीनला खालून लोखंडाचा आवाज ऐकला होता. हो, ऐकला होता. घड्याळ बघितलं होतं. आमच्या खोलीची खिडकी आवारावरच उघडते. खालून ठण्ण वाजलं, मग सरपटल्यासारखं काहीतरी, मग परत ठण्ण. मला वाटलं, मुद्दाम गाडीचा मागचा फाळका आपटतोय, मला झोपू द्यायचं नाही म्हणून. मी म्हटलं, आपट. पांघरूण कानावर ओढून घेतलं. कितीतरी वेळ तो आवाज येत होता, मी दहा मिनिटांत करते त्या कामाला त्याला दोन तास लागले असतील. थंडीत, पाठीवर झोपून. मग तो तसाच अंडी भरून निघाला.

पावणेतीन तास झोप. सरळ रस्ता, पहाट, बंद काचा.

जोड गळत असता तर मी एकदाच गुन्हेगार ठरले असते. आता नट निर्दोष होते, आणि मी त्याला झोपू दिलं नव्हतं. मी हे स्वतःशी दोनदा म्हणाले, मोठ्यानं, की बघू तरी काही होतंय का. काही झालं नाही. पाना मांडीवर होता तसाच राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. दिरांची नव्हेत. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, थांबा. सासूचे गुडघे गेलेत, जिना तिला झेपत नाही. दवाखान्यात न्यायचं तरी आम्ही तिला खुर्चीसकट उतरवतो. ती कठडा धरून एकटी खाली आली, दुकानात शिरली, आणि गाड्यांना टेकवायचा लाकडी ठोकळा होता त्यावर बसली. धाप लागली होती. वरून दिरांचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, जोड पक्का होता, पक्का!

मला वाटलं, माफी मागायला आली. मी म्हटलं, चला, हे आता अंगावर घ्यायचं. जी माफी माझी नाही ती घ्यायची. मी म्हणाले, "आई, राहू दे. तुम्ही विचारलंत त्यात काही चूक नव्हतं."

"धाकटा म्हणतो, कुणीतरी आवळले होते," ती म्हणाली.

"हो."

"त्यानंच आवळले."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मीच उठवलं त्याला. अडीचला."

मी मांडीवरचा पाना बाजूला ठेवला.

"मला झोप कुठे येते? तुमचं सगळं ऐकलं होतं. तू काही सकाळी हात लावणार नाहीस, तुझं डोकं मला माहीत आहे. म्हटलं, पोरगा तसाच जाईल. त्याला हलवलं, म्हटलं, ऊठ, ती नाही करणार तर तू कर, तुझा हात हळू आहे, वेळ लागेल, आत्ताच ऊठ. तो उठेना. मी त्याला परत हलवलं." ती थांबली. "परत हलवलं गं. पांघरूण काढून घेतलं."

बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. तिचा मालक किक मारत होता, मारत होता.

"मग त्या दिवशी मला का विचारलंत?" मी म्हणाले. "सगळ्यांच्या देखत?"

"म्हटलं, तू नाही म्हणशील," ती म्हणाली. "त्यानं केलं असेल, नसेल, मी काही खाली येऊन बघितलं नव्हतं. अर्धवट टाकून झोपला असेल गाडीत, असं धरलं. मग ते तुझ्या नटांचं झालं असतं. माझं झालं नसतं. तू नाही म्हणालीस आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं."

"एकोणीस दिवस?"

"छे. त्या रात्रीपुरतं."

मला तिचा राग यायला हवा होता. माझा राग सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, नाकाच्या शेंड्यावर असतो. एकोणीस दिवस या बाईनं मला लोकांच्या तोंडी दिलं, माझं दुकान बसवलं, आणि वर कॉटवर बसून माझ्या हातचा चहा पीत होती. मी राग शोधला. सापडला नाही. समोर एक म्हातारी बाई लाकडाच्या ठोकळ्यावर बसली होती, तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या, आणि आम्ही दोघींनी मिळून एका माणसाची झोप मोडली होती, मी बारापर्यंत आणि तिनं अडीचनंतर.

"त्याला काही सांगू नकोस," तिनं मान वर, दिरांच्या आवाजाकडे केली. "त्याला राहू दे डुलकीवर."

"नाही सांगत."

रिक्षा एकदाची सुरू झाली आणि गेली. मला एक विचारायचं होतं. इतके दिवस लोक मला सांगत होते की तो किती चांगला होता, किती हसरा होता, आणि मला त्यातलं काही नको होतं. मला एवढंच हवं होतं, की माझ्याशी अबोला असताना, मी पाठ फिरवून पडलेली असताना, तो शेवटचं काय बोलला. माझ्याबद्दल बोलला असेल तर. शिवी असती तरी चाललं असतं. शिवी असावी असंच वाटत होतं.

"उठला तेव्हा," मी म्हणाले, "काही म्हणाला का?"

सासूनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की ती सांगू की नको हे ठरवतेय.

"माझा आवाज चढायला लागला ना," ती म्हणाली, "तर माझ्या तोंडावर हात ठेवला त्यानं. म्हणाला, हळू आई. ती दमलीय. तिला झोपू दे."

"मी जागी होते," मी म्हणाले.

सासू माझ्याकडे बघत राहिली.

"जागीच होते, आई. सगळा वेळ."